डावीकडची जागा

आमच्या शेजारच्या दामूकाकांना लग्नाची पत्रिका दिली, की ती दुसऱ्या दिवशी तपासून परत येते. माझ्या भाच्याच्या पत्रिकेवर ‘आपल्या येण्याने समारंभाची शोभा वाढेल’ असं छापलं होतं. त्याच्या उजवीकडे काकांनी निळ्या पेन्सिलीने लिहिलं, ‘कशावरून?’ लग्नाला मात्र सगळ्यांच्या आधी हजर. जेवून उठताना मला म्हणाले, “शोभा काय वाढली नाय गो. मठ्ठा बरा होता.”

रोह्याजवळच्या अष्टमी गावात आमची भिंतीला भिंत. काका कंपनीतून रिटायर झालेले, एकटेच राहतात. छापलेलं काहीही असो, पेन्सिलीशिवाय वाचत नाहीत. विजेचं बिल, औषधाच्या खोक्यातला कागद, वाण्याची पुडी. पटलं तर बरोबरची खूण, नाही तर ‘कशावरून?’ सगळं उजवीकडे. डावीकडे एक अक्षर नाही. एकदा मी त्यांच्या पेपराच्या डाव्या कडेला गॅसवाल्याचा नंबर लिहिला, तर केवढ्याने ओरडले, “तिकडं नाय लिहायचं!” मी कितीतरी दिवस त्यांच्या दारात गेले नाही.

माझी सायली दहावीत होती तेव्हाची गोष्ट. तिला अकरावीला रोज पेणला जायचं होतं. सकाळी कॉलेज आणि दुपारी गणपतीच्या कारखान्यात मूर्तिकाम शिकायचं. हे म्हणाले, “रोह्यात कॉलेज नाय काय? मातीत हात घालायला पेण कशाला?” विषय संपला. मी भाकऱ्या थापत राहिले. ह्यांच्यासमोर माझं तोंड उघडत नाही.

त्याच आठवड्यात शाळेत बाईंनी निबंध दिला, ‘घरच्यांना न पटणारी गोष्ट पटवून द्या.’ सायलीने गाईडातून मोठमोठी वाक्यं उतरवली आणि काकांना दाखवायला नेली. वही परत आली ती निळी होऊनच. प्रत्येक ओळीपुढे ‘कशावरून?’

सायली रडवेली झाली. काका म्हणाले, “कुणाला पटवायचंय?”

“बाबांना.”

“मग बाबांना वाचलंस काय? आधी बाबांना वाच. पेन्सिल घेऊन.”

तेव्हापासून हे जेवायला बसले, की सायली समोर वही घेऊन बसायची. ह्यांनी तोंड उघडलं, की पेन्सिल सुरू. “अगो, ही कोर्टातली कारकून झाली काय?” हे मला म्हणाले. “आमटी मागितली तरी लिहिते!” मग हळूहळू हेच जपून बोलायला लागले. “थांब, ते नको लिहू. असं लिही.” लेकीशी एवढं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

इकडे काकांनी तिला जुन्या पेपरातली कात्रणं दिली, मूर्तिकामावरची, पोरींच्या शिक्षणावरची. वाचायचं, मग कागद पालथा घालायचा आणि काय वाचलं ते सांगायचं. सायली अडखळली, की काका म्हणायचे, “म्हणजे वाचलं नायस, नुसतं बघितलंस. बघून लिहिलंस तर ते पेपरवाल्याचं. झाकून लिहिलंस तर तुझं.”

ह्यांच्या बहुतेक हरकतींना तिला उत्तर सापडलं. एक राहिली. ‘वाटेत नागोठण्याला पाणी भरलं की गाडी अडकते. पोर रात्री कुठं राहील?’ सायली म्हणाली, “ही वगळते.”

काका खवळले. “तीच पहिली घे! बाप त्याच गोष्टीला घाबरतोय. ती दडवलीस तर बाकीचं तो ऐकेल कशाला?”

मी दारात उभी राहून हे ऐकलं. घरी आले आणि पेणला बहिणीला फोन लावला. पावसापाण्यात सायलीला ठेवून घेशील का, म्हणून विचारलं. ह्यांना न विचारता केलेला माझा तो पहिला फोन.

रविवारी सायलीने निबंध घरात वाचून दाखवला. सुरुवातच ह्यांच्या बोलण्याने होती, त्यांच्याच शब्दांत, पाण्यासकट. ‘बाबांची ही काळजी खरी आहे’ असं तिने लिहिलं होतं. मग मावशीचं घर, मग मूर्तिकाम. ह्यांनी वही हातात घेतली. म्हणाले, “माझं म्हणणं माझ्यापेक्षा बरं मांडलंय हिने.” आणि उठताना, “गाडीत बसलीस की फोन करायचा. रोज.”

सायली पेणला जायला लागली आणि काकांच्या घरातला आवाज बंद झाला. एकदा मी भाजी द्यायला गेले तर पेपर मांडीवर ठेवून नुसते बसलेले. मी भीत भीत विचारलं, “काका, डावीकडं कधीच का नाय लिहीत?”

“ती सॅमसनची जागा,” ते म्हणाले. “एकाच मशीनवर आम्ही दोघं. माझी पहिली शिफ्ट, त्याची दुसरी. पेपर एकच. मी उजवीकडं लिहून ठेवायचो, तो डावीकडं मला खोडून काढायचा. समोरासमोर भेटलो कमी, भांडलो जन्मभर.” सॅमसन इथलेच ज्यू, आता आपल्या मुलाकडे इस्रायलला गेले होते. “फोन करतो अधनंमधनं. पण फोनवर गोडच बोलतो मेला.”

दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओट्यावर वाचून झालेला पेपर पडला होता. ‘घरातल्या बायकांना बातम्यांत रस नसतो,’ असं त्यात छापलेलं, आणि उजवीकडे काकांची बरोबरची खूण. मी चौथी शिकलेली. घरात जाऊन सायलीची लाल पेन्सिल आणली. डावीकडे लिहिलं, ‘कशावरून?’ पेपर त्यांच्या दारात सरकवला आणि घरात पळाले.

तवा तापला असेल-नसेल, तोच भिंतीपलीकडून आवाज आला, “कोण म्हणतं गो कशावरून? ये इकडं, सांगतो!”

मी गॅस बंद केला आणि गेले.