नमुना क्रमांक एकतीस सुरक्षित असल्याबाबत

मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी कर्करोग रुग्णालयाच्या तळमजल्यावरील फ्रीझरचा भोंगा वाजू लागला. आत उणे ऐंशी अंश असायला हवे होते. उणे अडुसष्ट होते. संकट आले की माणसे एकत्र येतात आणि एकत्र आलेल्या माणसांना बसायला जागा लागते, हे मानवजातीचे जुने सत्य आहे. पहिल्या पंधरा मिनिटांत चार खुर्च्या आल्या.

फ्रीझरमध्ये स्तनाचा कर्करोग झालेल्या चाळीस स्त्रियांचे रक्त होते. एकोणचाळीस नमुन्यांची तपासणी उरकली होती. राहिला होता क्रमांक एकतीस. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या सत्तेचाळीस वर्षांच्या एका बाईंचा. त्यांच्या रक्तात दाहाचा निरोप पोचवणारे एक प्रथिन मर्यादेपेक्षा जास्त निघाले, तर नेहमीच्या केमोसोबत त्यांना नवे औषध मिळणार होते. त्यासाठी केमोच्या पहिल्या डोसाआधीचेच रक्त चालते. डोस गुरुवारी सकाळी दहाला, तिसऱ्या मजल्यावर. नमुना बिघडलाच तर त्याआधी बाईंच्या दंडातून पुन्हा एक नळी भरायची, एवढेच काम होते. त्याला पाच मिनिटे लागतात (नर्सच्या मते तीन).

"शेजारचा फ्रीझर रिकामा आहे. हलवू का सगळं? दहा मिनिटांत होईल," तंत्रज्ञ म्हणाला.

"हात लावू नका," विभागप्रमुख म्हणाले. "अजून पाहणी व्हायची आहे."

नियम स्पष्ट आहे. भोंगा ऐकणाऱ्याने वरिष्ठांना बोलवावे आणि जागा सोडू नये. आलेल्यानेही तेच करावे. परत कधी जायचे, याविषयी नियमात काही नाही. पाच वाजेपर्यंत अकरा जण जमले, त्यांची समिती झाली, आणि भोंग्याने चर्चेत व्यत्यय येत असल्याने त्यावर घोंगडी टाकण्यात आली.

बुधवारी सकाळी संशोधिका धावत आली. या प्रथिनावर तिने सहा वर्षे घालवली आहेत. समितीने तिला आधी विषय समजावून सांगायला लावला.

"जखम झाली की पेशी ही प्रथिनं सोडतात. ती मदतीची हाक असते," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "हाक ऐकून दुरुस्ती करणाऱ्या पेशी धावत येतात, काम करतात आणि जातात. गाठीच्या पेशीही तीच हाक मारतात, पण थांबतच नाहीत. मग आलेले जातच नाहीत. तिथेच मुक्काम ठोकतात, गाठीसाठी नव्या रक्तवाहिन्या काढून देतात, तिला पसरायला वाट करून देतात."

"म्हणजे मदतीला आलेलेच?" विभागप्रमुखांनी विचारले.

"हो, सर."

"फारच निषेधार्ह. इतिवृत्तात घ्या."

समितीला हे विवेचन इतके आवडले की चहाची सूचना आली. खोलीत सॉकेट एकच असल्याने किटली फ्रीझरच्याच वायरीवर लावली. अकरा वाजून वीस मिनिटांनी फ्यूज उडाला. फ्रीझर बंद पडला आणि भोंगाही थांबला (त्याची बॅटरी पूर्वीच कोणीतरी भिंतीवरच्या घड्याळाला दिली होती). परिस्थिती निवळल्याची नोंद एकमताने झाली. चार वाजता आत अधिक नऊ अंश होते. हे समितीच्या प्रत्येक सदस्याने स्वतः जाऊन पाहिले.

"आता मी त्यांना सरळ फोन करते," संशोधिका म्हणाली.

"अहो, असा कसा फोन कराल? बाई घाबरतील. आधी पत्राचा मजकूर ठरू द्या. आणि तुमच्याइतकं हे कोणाला कळतं? तुम्हीच उपसमितीच्या निमंत्रक व्हा."

तिने नाही म्हटले. मग म्हटले, लवकर उरकत असेल तर होईन. तिला खुर्ची देण्यात आली, पाठीला उशी असलेली. पहिल्या तासात 'खराब' हा शब्द काढला गेला. दुसऱ्या तासात 'तापमान अनुभवलेला नमुना' या शब्दप्रयोगावर मतैक्य झाले. ती सूचना संशोधिकेची होती.

साडेसहाला बाईंच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. तो समितीच्या सचिवांनी घेतला.

"ताईचं रक्त व्यवस्थित आहे ना हो?"

"नमुना आमच्या नोंदीत आहे."

"नोंदीत असेल हो, पण फ्रीझरमध्ये आहे ना?"

"फ्रीझरमध्येही आहे."

मागून बाईंचा आवाज आला, "अगं, उपाशी यायचं की खाऊन, ते विचार. उगाच पोटात कावळे ओरडत बसतील माझ्या."

"खाऊन या," सचिव म्हणाले.

"देव भलं करो तुमचं. ताईला रात्रभर डोळा नव्हता."

सचिवांचे एकही उत्तर खोटे नव्हते. तापमानाविषयी प्रश्न आला नाही, म्हणून उत्तर दिले गेले नाही.

पत्राच्या मजकुराला मंजुरी देणारी बैठक गुरुवारी सकाळी अकराला ठेवली आहे. दहाची वेळ विभागप्रमुखांना गैरसोयीची होती. संशोधिकेने हरकत घेतली आणि लगेच सहावा मसुदा तपासायला घेतला. तो पाचव्यापेक्षा निश्चित सरस आहे.

गुरुवारी सकाळी नऊ वाजून एक्केचाळीस मिनिटांपर्यंतची माहिती अशी. बाई तिसऱ्या मजल्यावर खिडकीजवळच्या खाटेवर आहेत, खाऊन आल्या आहेत. हाताला सुई लागली आहे, सलाईन सुरू आहे. बहीण पायाशी बसून नव्या औषधाची माहितीपुस्तिका त्यांना वाचून दाखवते आहे. नर्स केमोची पिशवी आणायला गेली आहे. नमुना क्रमांक एकतीस वाया गेल्याचे ठाऊक असलेले एकूण चौदा जण आहेत, पंधरावे आपण. जिना मोकळा आहे, लिफ्टही चालू आहे. अद्याप कोणी वर गेलेले नाही.