छपरावरचा थोरला जावई

आमच्या गावात ॲसबेस्टॉसच्या पत्र्याला जावयाचा दर्जा आहे, आणि आमच्या घरात तोच थोरला जावई आहे. लोक त्याला सिमेंटचा पत्रा म्हणतात, पण ते घरगुती नाव. नगरपालिकेच्या कागदावर 'जावई (छप्पर)' अशीच नोंद आहे.

दर्जा मिळाल्यावर कुणाला काही शिकवावं लागलं नाही. पत्र्याला भोक पाडायचं नाही, खिळा ठोकायचा नाही, खरवडायचं नाही, अंगावर पाय द्यायचा नाही, आसपास कोरडा झाडू फिरवायचा नाही. हेच आधी पत्रकात छापून आलं होतं, तेव्हा लोकांनी त्या पत्रकात भजी बांधून नेली. जावई म्हटल्यावर मात्र सगळ्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सासुरवाडीला आलेल्या माणसाला भोक कोण पाडतो? छेडलं नाही तर तो पडून असतो, कुणाचं काही बिघडवत नाही. छेडला, फुटला, की त्याचा राग बारीक होऊन हवेत उडतो. दिसत नाही, पण छातीत जाऊन बसतो आणि वीस-तीस वर्षांनी उठतो. जावयाच्या रागात यापेक्षा वेगळं काय असतं, ते ज्यांना जावई आहेत त्यांनी सांगावं.

आमचा पत्रा आता म्हातारा झाला होता. कडा भुसभुशीत झाल्या होत्या. नगरपालिकेनं त्याला उतरवायला गुरुवार दिला. नेमका तो धोंड्याचा महिना, म्हणजे जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालायचा. आमची लेक जयमाला सातव्या महिन्यात माहेरी आलेली. बाळ यायच्या आत छप्पर जायला हवं होतं, आणि जाताना एक तडा जाता कामा नये, एवढीच माझ्या बायकोची, हौसाबाईची काळजी. तिनं बुधवारी पुरण घातलं.

दुपारी धाकटे जावई आले. धैर्यशीलराव, मुक्काम तासगाव, ट्रॅक्टरच्या दुकानात मॅनेजर. अंगावर कडक इस्त्री, मिशीला पीळ. दारातूनच त्यांना दोन पाट दिसले. पहिल्या पाटाभोवती मोराची रांगोळी, चांदीची वाटी, समई. दुसऱ्या पाटाभोवती साधी दोन बोटं रांगोळी.

ते पहिल्या पाटावर बसायला वाकले, तेवढ्यात मी म्हटलं, "जावईबापू, तुमचा पलीकडचा."

"मग हा कुणाचा?"

मी बोट वर केलं.

त्यांनी वर पाहिलं. पत्र्यानं काही केलं नाही. तो बोलतो कमी. ऊन तापलं की एखादं वाक्य, तेही 'असू दे' एवढंच.

"मामा, मी सात वर्षांचा जावई आहे," ते म्हणाले.

"हे अडतीस वर्षांचे आहेत."

"त्यानं तुमची मुलगी केलेली नाही!"

"पण तिच्या डोक्यावर छत्र धरलं. तुम्ही अजून भाड्याच्या घरात."

मला गप्प बसता आलं असतं. पण मिशीचा पीळ सुटायला लागलेला बघून मजा येत होती.

जेवताना त्यांचं लक्ष पानात नव्हतं. हौसाबाई फवाऱ्याच्या बाटलीत पाणी आणि साबणाचे चार थेंब घेऊन कडांवर हलकेच शिंपत होती. पत्रा उतरवायच्या आधीपासून ओला ठेवायचा असतो, म्हणजे त्यातलं काही उडत नाही.

"त्रास होत नाही ना?" ती वर बघून म्हणत होती. "सावकाश हं. घाई नाही."

"असू दे," पत्रा म्हणाला.

"मामी," धैर्यशीलराव म्हणाले, "मला ठसका लागलाय."

"तांब्या तुमच्या हाताशीच आहे की."

तेवढ्यात नगरपालिकेचे पत्रा निरीक्षक तेरदाळे आले. हातात फाइल, बगलेत उद्याच्या माणसांचे कपडे. पांढरेशुभ्र, टोपीसकट सगळं एकसंध, नाकाला जाड मास्क. त्यांनी मोजायला ओट्यावर मांडले.

"हे कुणासाठी?" धैर्यशीलरावांनी विचारलं.

"थोरल्यांना न्यायला येणाऱ्यांसाठी. एकदाच घालायचे आणि काढून पिशवीत बंद करायचे. परत वापरायचे नाहीत."

"एकदाच?" धैर्यशीलराव पानावरून उठले. "माझ्या वरातीत बँडवाल्यांचे कोट काखेत उसवलेले होते! तुमच्या भावानं फेटा बांधला तो वाटेत सुटला! आणि याला नवे कोरे?"

मी म्हटलं, "शिवाय गुंडाळायला प्लास्टिक. जाड. दोन पदर. तुम्हाला आम्ही टॉवेल-टोपीवर भागवलं."

हौसाबाई माझ्याकडे बघत होती, ते मी बघितलं नाही असं दाखवलं.

ते बाहेर गेले आणि जीपमधून ड्रिल घेऊन आले. स्टूल ओढलं.

"बाळासाठी पाळण्याची कडी बसवतो," ते म्हणाले.

"पाळणा वाशाला टांगतात, जावईबापू."

"मी पत्र्यालाच टांगणार. बघू या थोरल्याला किती भार झेपतो."

आता मात्र मी हसायचा थांबलो. ड्रिल घुर्र करून फिरली. टोक पत्र्यापासून वीतभर. हौसाबाईनं तोंडावर पदर घेतला. मी स्टूल धरायला धावलो, पण स्टूल हललं तरी टोक वरच जाणार होतं, म्हणून हात मागे घेतला. आयुष्यभर लोकांना चिडवत आलो. चिडलेल्याला उतरवायचं कसं, ते कधी शिकलो नाही.

जयमाला आतून आली. पोट सांभाळत स्टुलाच्या बरोबर खाली उभी राहिली.

"पाडा," ती म्हणाली. "मी इथंच आहे. काय उडेल ते आम्हा दोघांवर उडू दे."

ड्रिल फिरतच होती. पण पुढेही जात नव्हती.

"जयू, बाजूला हो."

"नाही. तुम्हाला मान पाहिजे ना? घ्या."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "याच्याशी कुणी मोठ्यानं बोलत नाही," ते म्हणाले. "सात वर्षांत माझ्याशी कुणी असं 'सावकाश हं' म्हटलंय का?"

कुणी म्हटलं नव्हतं.

तेरदाळेंनी फाइल उघडली. "हरकत असेल तर ड्रिल हा मार्ग नाही. अर्ज करा. थोरल्याचा दर्जा कमी करता येत नाही, पण तुम्हाला ॲसबेस्टॉसचा दर्जा मागता येतो."

"मिळेल?"

"तपासणीत बसलात तर."

ड्रिल बंद झाली. अर्ज स्टुलावरच लिहिला गेला. तेरदाळेंनी चष्मा पुसला. नमुना काढायला खरवडणं धोक्याचं, म्हणून तोंडी तपासणी सासूची घ्यायची असा नियम आहे.

"छेडलं नाही तर काही त्रास?"

"काही नाही," हौसाबाई म्हणाली. "कोपऱ्यात मोबाइल घेऊन पडून असतात."

"छेडलं तर?"

"घरभर पसरतात."

"परिणाम किती दिवस राहतो?"

"लग्नात करंजी कमी वाढली होती, ते अजून निघतंय."

"ओलावा दिल्यावर बसतं?"

हौसाबाईनं हातातल्या बाटलीकडे बघितलं. "दिला नाही कधी," ती म्हणाली. मग बाटली घेऊन पुढे झाली आणि जावयाच्या खांद्यावर हलकेच दोन फवारे मारले. "सावकाश हं, बाळा. खाली या."

ते खाली आले. तेरदाळेंनी 'बसतं' असं लिहिलं आणि शिक्का मारला.

दर्जा तत्काळ लागू झाला. ॲसबेस्टॉसला हातात ड्रिल धरता येत नाही, म्हणून ती जप्त झाली. त्यांना मोराच्या रांगोळीच्या पाटाशेजारी तसाच मोर काढून दिला. त्यांनी अकरा धोंडे खाल्ले. पत्र्यानं एकही नाही. हे त्यांनी तिघांना सांगितलं.

पण दर्जा म्हणजे नियमही आले. घरात नोंद झालेलं सगळं ॲसबेस्टॉस गुरुवारच्या गाडीतच जाणार होतं, मागे तुकडा ठेवायचा नाही. तेरदाळेंनी हे समजावून सांगितलं. जयमालानं नवऱ्याकडे बघितलं.

"नको म्हणा," ती म्हणाली. "अर्ज मागे घ्या."

"मग तो एकटाच जाईल," धैर्यशीलराव म्हणाले. "पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांबरोबर."

गुरुवारी सकाळी जयमालाला पलीकडच्या गल्लीत आत्याकडे पाठवलं. खिडक्या लावल्या, घरातलं सामान झाकलं. माणसं आली. पत्रे धरणारे आकडे ठोकून तोडले नाहीत, एकेक नट ओला करून सोडवला. पत्रे फेकले नाहीत, चौघांनी हातावर घेऊन खाली आणले. एकही तडा गेला नाही. ओल्या फडक्यानं वासे पुसले आणि फडकीसुद्धा पिशवीत बंद केली. हौसाबाईनं तेव्हा कुठं श्वास सोडला.

मग धैर्यशीलरावांना ओलं करून गुंडाळलं. नाक सजीव असल्यानं उघडं ठेवायची खास परवानगी मिळाली. छातीवर चिठ्ठी लावली: 'ॲसबेस्टॉस. हलवू नये. फोडू नये.' ते वाचून त्यांचा चेहरा इतका खुलला की लग्नाच्या फोटोतही तसा नाही.

"मला किती पदर?" त्यांनी विचारलं.

"दोन."

"आणि त्याला?"

"दोनच."

"मग मला तिसरा घाला."

तिसऱ्या पदराची तरतूद नव्हती. मी आतून हौसाबाईची जाड सोलापुरी चादर आणली आणि स्वतःच्या हातानं त्यांच्याभोवती घट्ट खोचली. चिडवायला तोंडाशी काही आलं नाही. "सावकाश हं," म्हटलं.

जिल्ह्याला ॲसबेस्टॉस पुरायची बंदिस्त जागा आहे. पत्रे जमिनीखाली गेले. धैर्यशीलराव सजीव असल्यानं कुंपणाच्या आत शेडमध्ये ठेवले आहेत. बाळ झालं, मुलगी. नव्या लोखंडी छपराखाली, वाशाला टांगलेल्या पाळण्यात झोपते. लोखंडी पत्र्याला कसलाही दर्जा नाही, हे आम्ही धैर्यशीलरावांना रजिस्टर पोस्टानं कळवलं, कारण त्यांनी विचारलं होतं.

जयमाला दर गुरुवारी लेकीला घेऊन कुंपणाशी जाते. तिथं मोठ्यानं बोलायला बंदी आहे. ती हलक्या आवाजात घरचं सगळं सांगते, तेही ऐकतात. संसारात आम्ही इतकं गोड कधी बोललो नव्हतो, असं ती म्हणते. नियमानं आधी थोरल्याशी बोललं पाहिजे. ती आधी नवऱ्याशी बोलते.

थोरल्याची हरकत नाही. त्यानं तसं लेखी दिलं आहे.