कोंबडा आहे का घरी?

जव्हारच्या आठवडी बाजारात अंडी घेताना लोक भाव विचारतात. आमचे शेजारी वझे सर विचारायचे, "कोंबडा आहे का घरी?"

बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. जामसरची सोनीबाई मात्र ठणकावून सांगायची, "हाय ना मास्तर! अख्खा पाडा उठवतो. सोयरीक करायची का?"

"मग दे सहा," सर गंभीरपणे म्हणायचे.

कोंबड्यावाचूनच्या अंड्यात जीव धरत नाही, आणि सरांना अंडं खायचं नव्हतंच, बघायचं होतं. हायस्कुलात ते जीवशास्त्र शिकवत. एकटेच राहत. घरी लाकडी खोक्यात बल्ब लावून अंडी उबवत. वीज गेली की माझ्या दारावर थाप: "खोक्यातल्या कंदिलाला रॉकेल द्या हो, रांग सुटायची वेळ झालीय!"

मी तालुका कचेरीतला कारकून. पडताळल्याशिवाय मान डोलवत नाही. म्हणून एकदा बघायलाच गेलो. सरांनी कवचाला छोटी खिडकी पाडली होती. बलकावर पांढरट चकती, आणि तिच्यात एक फिकट रेघ.

"दिसली? या चकतीतल्या पेशी प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या पोरांसारख्या. खांद्याला खांदा, हातात हात. रेघेपाशी आली की एकेक पेशी हात सोडते, आकार बदलते, पाय फुटल्यासारखी सरपटत आत शिरते! कुठं हाड होते, कुठं स्नायू, कुठं काळीज!"

"आणि रांग सोडलीच नाही तर?"

"तर काळीज नाही, साहेब! नुसती चादर!" त्यांनी टाळीसाठी हात पुढे केला. मी दिली. रेघ मी डोळ्यांनी पाहिली होती. पेशींचं सरांच्या भरवशावर सोडलं.

"मोठेपणी ही खोड बहुतेक सुटते. पण माझा अंदाज आहे, कॅन्सरच्या गाठीतल्या पेशीला तीच जुनी युक्ती पुन्हा आठवते. हात सोडते, आणि निघते." एरवी तासभर बोलणारे सर तेवढ्यावर थांबले आणि खिडकी मेणानं बंद करू लागले.

नवसावर त्यांचा भारी राग. "कोंबडा कापणं म्हणजे माझ्या प्रयोगावर दरोडा!"

पुढं एका बाजारी मी बरोबर होतो. सरांनी नेहमीचं विचारलं. सोनीबाई हसली नाही.

"नाय मास्तर. देवाला देला. छातीत गाठ आलीय. दुखत नाय, पण भगत बोलला, कोंबडा द्या."

आता सर पेटणार, म्हणून मी मागे सरलो. पण त्यांनी पिशवी खाली ठेवली. "उद्याच्या गाडीनं मुंबईला चल."

"आन् नागली कोण कापील?"

"सोनीबाई, रांगेत आहेत तोवर काढता येतात. एकदा निघाल्या की सापडत नाहीत."

"कोण निघाल्या?" ती बावरून म्हणाली. मग पुढं म्हणाली, "बरी झाले तर देवाला आणखी एक कबूल केलाय. तो कोण देईल?"

"मी देईन!" सर ओरडले. हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सोनीबाई आणि तिचा नवरा गाडीत बसले. सरही बरोबर निघाले. त्यांनी मला घराची किल्ली दिली. "अंडी फिरवत राहा." मग हळूच म्हणाले, "सुमतीनं मला गाठ सांगितलीच नाही. माझी परीक्षा होती ना. त्रास नको म्हणून."

भिंतीला भिंत लागून इतकी वर्षं राहिलो, सरांना बायको होती हे मला त्या दिवशी कळलं.

सर परतले ते गल्लीच्या तोंडापासून ओरडत: "रांगेत होत्या! सगळ्या रांगेत!" रॉकेल आलं समजून दोघे-तिघे डबे घेऊन बाहेर पडले. गाठ कुठं पसरली नव्हती, पूर्ण काढता आली, असं डॉक्टर म्हणाले होते.

दरम्यान, खिडकी न पाडलेल्या एका अंड्यातून माझ्या देखरेखीखाली पिल्लू निघालं. सरांनी ते वाढवलं. त्याचा झाला कोंबडा. तो सरांच्या खुर्चीवर बसायचा, आणि सर त्याच्याशी बोलत स्टुलावर बसून जेवायचे.

सोनीबाई हिंडूफिरू लागली तशी दारात आली. "मास्तर, देवाचं राह्यलंय."

"बाजारातून आणतो."

"देवाला घरात वाढवलेला लागतो."

सरांनी खुर्चीवरच्या कोंबड्याला उचललं. मग त्याला काखेत घेऊन जामसरच्या पाड्यापर्यंत चालत गेले आणि भगताच्या हातात दिला.

पुढच्या बाजारी सरांनी विचारलं, "कोंबडा आहे का घरी?"

"नाय मास्तर. तुमच्या घरा?"

"माझ्याही नाही."

त्या अंड्यांत रेघ उमटणार नव्हती. सरांनी तरी सहा घेतली, पैसे सोनीबाईच्या हातात ठेवले, आणि तब्येत कशी आहे ते विचारत तिथंच उकिडवे बसले.