व्याह्याला मेक्सिकोचा पेला

"ह्या नव्या स्पिरिटात काय दमच नाय," स्टोव्हपुढे बसलेली गुणाबाई कुरकुरली. "काकडा चार-चार वेळा बुडवते, तवा कुठं फुरफुरतो. सगळी बाटली चाच्या पान्यावर गेली बग."

वेणू तांदूळ निवडत होती. तिने मान वर करून पाहिलं आणि सूप तिच्या हातातून निसटलं.

"आये, ही बाटली कुठनं घेतलीस?"

"कुठनं म्हंजे? स्टोव्हच्या मागं व्हती. स्पिरिट आनखी कुठं असनार?"

ते स्पिरिट नव्हतं. ती मेक्सिकोची दारू होती, टकीला, आणि आज दुपारी तिच्यावर वेणूचं लग्न ठरायचं होतं.

बाटली आणली होती वेणूच्या मामाने. आनंदामामा मालवाहू बोटीवर खलाशी होता. दारूबंदीचे दिवस, तरी पठ्ठ्याने वळकटीत गुंडाळून ती पनवेलपर्यंत सुखरूप आणली. मग वेणूच्या बापाने, म्हणजे काळूरामने, आपलं डोकं चालवलं. निवडुंगाचं चित्र असलेलं लेबल त्याने नखाने खरवडून काढलं आणि बाटली स्टोव्हमागे घासलेटाच्या शेजारी उभी केली. "पोलिसाचा बाप आला तरी हितं बगनार नाय," असं तो स्वतःवर खूश होऊन म्हणाला होता. गुणाबाईला मात्र त्याने मुद्दाम सांगितलं नाही, कारण बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं त्याचं मत. त्याने स्वतः फक्त मिठाच्या बाजारात, न्हाव्याकडे आणि देवळाच्या पारावर सांगितलं होतं.

एवढा खटाटोप होता भगवानशेटसाठी. करंजाच्या या भगवानशेटच्या दोन होड्या होत्या आणि शिवा नावाचा एक मुलगा होता. खाडीकाठच्या त्या गावांत सोयरिकीचा शब्द पेल्यावर पक्का व्हायचा. मुलीच्या बापाने पेला भरून द्यायचा, मुलाच्या बापाने तो रिता करायचा, की झालं. भगवानशेटने आतापर्यंत दोन घरी पेला नुसता ओठाला लावून खाली ठेवला होता आणि चपला घालून तो चालता झाला होता. त्याच्या जिभेला साधी दारू चालत नाही, असा डंका त्यामुळे उरणपासून नेऱ्यापर्यंत वाजत होता. काळूरामला त्या डंक्याची धास्ती होती. वेणूला धास्ती होती ती वेगळीच. करंजाच्या लिलावात तिने शिवाला पाहिलं होतं, त्याने हसून तिच्या टोपलीत दोन बोंबील जास्तीचे टाकले होते, आणि तेव्हापासून तिला दुसरा कुठलाही मुलगा बघायचा नव्हता.

मागच्या रविवारी गुणाबाई बाजाराला गेली असताना मामाने वेणूला टकीलाचं पेय शिकवलं होतं. पेल्याच्या काठाला लिंबू चोळायचं आणि पेला पालथा करून मिठात टेकवायचा. हे पाहिल्यावर काळूरामची छाती फुगली होती. त्याचं स्वतःचं मिठागर होतं ना!

"म्हंजे मेक्सिकोवाल्यांना बी मिठाची किंमत कळते तर!"

"भावजी, मिठाबिगर ते पीतच नाय," मामाने सांगितलं होतं. मग तांब्यात हिरव्या मिरच्या ठेचून टाकायच्या, लिंबू पिळायचं, गुळाचं पाणी घालायचं, वर टकीला ओतायची आणि तांब्यावर पेला दाबून तो दणादणा हलवायचा. काळूरामने पहिला घोट घेतला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. "बास," तो म्हणाला होता, "व्याही आता जागचा हालत नाय."

आणि आता त्या बाटलीच्या तळाशी जेमतेम चमचाभर उरली होती.

"मला कोनी सांगितला व्हता काय?" गुणाबाईने डोक्याला हात लावला. "आता तुज्या बापाला काय सांगू?"

"काय पन सांगू नको," वेणू म्हणाली. तिने विहिरीचं पाणी तांब्यातून बाटलीत ओतलं, बूच लावलं आणि ती पाट्यासमोर जाऊन बसली. टकीलाची धग तिला आता मिरचीतून काढायची होती. नेऱ्याहून आलेल्या बारक्या, रागीट मिरच्या तिने मूठभर घेतल्या. आलं घेतलं, मिरी घेतली. वाटता वाटता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यात मिरचीचं किती आणि भीतीचं किती, हे तिचं तिलाच कळेना.

दुपारी भगवानशेट आला. आडवा बांधा, पिळदार मिशा. येताना त्याने करंड्यात बर्फ घालून पापलेटं आणली होती. मामाला बर्फ दिसताच आनंदाचं भरतं आलं. "बर्फ टाकला का थेट मेक्सिको!" असं म्हणत त्याने करंड्यातला बर्फ धुऊन तांब्यात टाकलासुद्धा.

वेणूने पेले भरून तांब्या-बाटलीसकट बाहेर पाठवले आणि ती दाराआड उभी राहिली.

पहिला घोट मामाने घेतला. त्याचा चेहरा कोरा झाला. त्याने पेल्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. दाराआडून वेणूने हात जोडले. मामा सात समुद्र फिरलेला माणूस होता. त्याने डोळे मिटले आणि छातीवर हात मारून तो म्हणाला, "वा! बंदरातली ती रात आठवली!"

मग काळूरामने पेला रिता केला. मिरची त्याच्या मेंदूपर्यंत पोचली. त्याला घाम फुटला, कानांतून वाफा निघाल्या आणि मागच्या रविवारपेक्षा आज जास्त चढली, अशी त्याची खात्री पटली. दुसऱ्या पेल्याला तो मांडीवर ताल धरून गायला लागला. तिसऱ्या पेल्याला त्याने खांबाला मिठी मारून त्याला "व्याही" म्हटलं.

भगवानशेट सावकाश पीत होता. त्याच्या डोळ्यांना धार लागली होती. "मेक्सिकोत पापलेटं बी मिळतात वाटते," एवढंच तो बोलला. पण पेला काही त्याने खाली ठेवला नाही. वेणू त्या पेल्याकडे श्वास रोखून पाहत होती. अर्धा झाला. पाव उरला.

तेवढ्यात अंगणात बुटांचा आवाज झाला. पनवेलचा हवालदार दारात उभा होता. काळूरामची बातमी मिठाच्या बाजारातून, न्हाव्याकडून आणि पारावरून अशी तिन्ही वाटांनी चौकीत पोचली होती.

"काळूराम, घरात परदेशी दारू आहे म्हणे?"

हवालदाराने बाटली हुंगली. मग भगवानशेटचं तोंड हुंगलं, मामाचं हुंगलं. काळूरामचं तोंड हुंगताना त्याला फक्त शिंक आली. शेवटी त्याने तांब्यातलं उरलेलं पेल्यात ओतून घोटभर घेतलं आणि तो दोन मिनिटं भिंत धरून उभा राहिला.

"अहो, हे तर पाणी आहे!" तो हाशहुश करत म्हणाला. "लिंबू-मिरचीचं पाणी!"

वेणूच्या जिवात जीव आला. बाप वाचला. पण बापाला ते कुठे माहीत?

"पानी?" काळूराम खांब सोडून झोकांड्या खात पुढे आला. "माज्या व्याह्यासमोर माज्या घरची दारू पानी काय? हवालदारसाहेब, तोंड सांबाळून बोला! ही दारूच हाय! मी चांगला तीन पेले प्यालेलो हाय!"

"अहो, नाहीये ती दारू."

"हाय! मला चढलेली हाय! बगा, दोन-दोन हवालदार दिसताहेत!"

"भावजी, गप बसा," मामाने त्याचा सदरा ओढला.

"गप कसा बसू? घाला मला बेडी! न्या चौकीत! पन पानी बोलायचा नाय!"

हवालदार पेचात पडला. आजवर त्याने शपथा घेऊन नाही म्हणणारे पुष्कळ पाहिले होते. पकडून न्या म्हणून हट्टाला पेटलेला हा पहिलाच. दाराआड वेणूला रडू फुटलं. दारू ठरली तर बाप तुरुंगात, पाणी ठरलं तर शिवा हातचा गेला.

"पानीच हाय," भगवानशेट म्हणाला.

भगवानशेटने उरलेला पाव पेला तोंडाला लावला, शेवटच्या थेंबापर्यंत रिता केला आणि काठाचं मीठसुद्धा चाटून टाकलं.

"मला पयल्याच घोटाला कळला. काळूरामशेट, पोटात दुखायला लागल्यापासनं डाक्टरनं माजी दारू बंद केलीय. पन लोकांत सांगायची लाज वाटते. मुलाचा बाप आन पेला नको बोलतो? दोन घरा सोडली ती याच्यापायीच. नाय बोलायला तोंड उघडंना, म्हनून उटून पळालो. आज पयल्यांदा कोनाच्या घरी पेला पुरा केला." त्याने मिशांवरचं मीठ पुसलं. "बनवला कोनी?"

मामाने वेणूला पुढे ढकललं. तिचे डोळे लाल, नाक लाल, हातांची आग आग होत होती.

"पोर आमची झाली," भगवानशेट म्हणाला. "येका अटीवर. लग्नात माज्या पेल्यात हेच पायजे. फकस्त मिरच्या दोन कमी टाक गे बाय."

वेणू इतकी खूश झाली की मिरचीच्या हातानेच तिने डोळे पुसले आणि पुन्हा नव्याने रडायला बसली. हवालदाराने टोपी नीट केली आणि जाता जाता घसा खाकरून विचारलं, "अजून एक पेला होईल का?"

एकटा काळूराम ओसरीच्या मधोमध बसकण मारून रिकाम्या बाटलीकडे टक लावून बघत होता. मग खरी टकीला गेली कुठं, हे वेणूने मामाला आणि मामाने त्याच्या कानात सांगितलं. आठवडाभर आपण मेक्सिकोवर उकळलेला चहा प्यालो, हे ऐकून त्याने उठायचा प्रयत्न केला. पण पाय लटपटले आणि तो पुन्हा खाली बसला.

"बसा जरा," गुणाबाई त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली. "पानी उतरला का उटा."