नामपूरची निर्मला

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले शरदकाका खोटं बोलणाऱ्यावर चिडत नाहीत. खोटं आळसाने बोलणाऱ्यावर चिडतात.

झालं असं, की त्यांच्या सौभाग्यवती, विमलकाकू, नाशिककरांच्या एका छोट्याशा ॲपवर घरचा काळा मसाला विकू लागल्या. तिथे आधीच एका मोठ्या मसालेवाल्याची चलती होती. त्याच्या प्रत्येक जाहिरातीखाली दहा-वीस जणांचं एकसारखं कौतुक: "खूप सुंदर प्रॉडक्ट."

"ही माणसं नाहीत रे, बॉट आहेत!" काका कडाडले. "एकालाही ठसका लागला नाही? माणूस म्हटलं की तक्रार आलीच!"

मग काकांनी स्वतःच गिऱ्हाइकं जन्माला घातली. खातं कसं उघडतात एवढंच मी दाखवलं, पुढचं पाप त्यांचं. देवळाली कॅम्पच्या सुभेदारांना मसाला पसंत, पण पाकीट सैल. सायखेड्याच्या आजी लिहीत, "लय भारी, पन खोकला आला." आणि काकांची लाडकी, नामपूरची निर्मला: "वांग्याच्या भाजीत घातला. दुसऱ्या दिवशी शिळ्या भाकरीशी तर स्वर्ग! ताईंच्या हाताला चव आहे. तिखट मात्र जरा जास्त."

मसाला खपू लागला. काकू दळता दळता गुणगुणू लागल्या.

पण आपल्याकडे माणूस म्हटलं की चौकशी चुकत नाही. एका खऱ्या नामपूरकराने विचारलं, "ताई, नामपूरमा तुम्हनं घर कोठे शे?"

काकांनी ठोकून दिलं, "कांदा मार्केटजवळ."

"कोणाच्या सूनबाई?"

काकांनी सुचेल ते आडनाव टाकलं. लगेच एक बाई निर्मलाची चुलत नणंद निघाली आणि दुसरीने तिच्या दिरासाठी स्थळ सुचवलं. शेवटी कोणीतरी लिहिलं, "अशी बाई नामपुरात नाहीच. खातं खोटं, मसालाही तसलाच असणार."

काका फोन घेऊन माझ्याकडे धावत आले. "माझं जाऊ दे रे, पण तिच्या मसाल्याचं नाव गेलं!"

"काकूंना खरं सांगून टाका."

"काय सांगू? उभ्या जन्मात तिच्या स्वयंपाकाला मी 'बरा झालाय'च्या पुढे गेलो नाही. आता हे सगळं मी लिहिलंय म्हणून सांगू?"

तेवढ्यात फोनवर ॲपची टिंग वाजली. त्याच चर्चेखाली काकूंनी स्वतःच्या नावाने लिहिलं होतं: "निर्मला आमच्या घरचीच आहे. तेव्हा तिचं कौतुक हिशेबात धरू नका. चव घेऊन बघा, मग बोला."

काकांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

दारात काकू उभ्या होत्या. "शिळ्या भाकरीशी वांगं खाऊन स्वर्गाला जाणारं माणूस माझ्या माहितीत एकच आहे," त्या म्हणाल्या. "चला जेवायला. तूही ये रे."

पानात वांगंच होतं. काका मान खाली घालून जेवत होते.

"छान झालंय," ते हळूच म्हणाले.

काकूंचा वाढता हात थांबला. "आणि तक्रार?"

"तक्रार..." काकांचे डोळे भरून आले. "ठसका लागला गं."

काकूंनी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

"घे, निर्मले," त्या म्हणाल्या.