कॉम्प्युटरची खंडेनवमी

खंडेनवमीच्या दुपारी बद्रीनाथ सर पूजेसाठी हार-नारळ घेऊन तीर्थपुरीच्या शाळेत आले, तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीतून पाण्याचा ओघळ बाहेर येत होता. आत शिपाई कारभारीमामा धोतर खोचून उकिडवे बसले होते. सहाही कॉम्प्युटरचे डबे उघडे पडले होते, त्यांच्या पोटातल्या हिरव्या पाट्या परातीत फेसात बुडाल्या होत्या आणि मामा दाढीच्या ब्रशने त्या मन लावून घासत होते. सरांच्या हातातला नारळ निसटला आणि फरशीवर आपटून फुटला. तेवढीच काय ती पूजा झाली.

या खोलीत आजवर कोणी चप्पल घालून पाऊल टाकलं नव्हतं. औरंगाबादच्या एका कंपनीने वापरून जुने झालेले हे कॉम्प्युटर शाळेला दान दिले, त्याला दोन महिने झाले होते. चालू मात्र एकही होत नव्हता. बटण दाबलं की तीनदा पी-पी-पी करायचे आणि गप्प बसायचे. तरी सरांचा त्यांच्यावर भारी जीव. नववीच्या मुलामुलींना ते कॉम्प्युटर उंबऱ्याबाहेरूनच दाखवत आणि शिकवत ते फळ्यावर. आता सोमवारी कंपनीचे साहेब पाहणीला येणार होते. कॉम्प्युटर वापरात नसतील तर टेंपोत घालून परत नेऊ, असं त्यांचं पत्र होतं. शिकायला जालन्याला मुलगे तरी जातील, मुलींना कोण पाठवणार, या विचाराने सरांची झोप उडाली होती.

"मामा, हे काय केलंत?" सरांना एवढंच बोलता आलं.

"खंडेनवमी हाय न्हवं सर आज? परतूरला कापसाच्या जिनिंगमधी वीस वर्सं होतो मी. मशीन धुतल्याबिगर तिला कुकू लावलं न्हाई कधी. अन् ह्यांच्या पोटात तर गादीवानी धूळ." मामांनी एक पाटी झटकली. "एक बी मशीन कधी रुसलं न्हाई."

सरांनी मुनीर मेकॅनिकला बोलावणं धाडलं. मुनीर टेपरेकॉर्डर आणि टीव्ही दुरुस्त करायचा, कॉम्प्युटर त्याने याच शाळेत पहिल्यांदा पाहिला होता. नशीब एवढंच, की हार्ड डिस्क आणि वीज येते ते डबे तपासायला त्याने आधीच दुकानात नेले होते, नाहीतर त्यांनाही आंघोळ घडली असती. परात बघून त्याने कपाळाला हात लावला. मग म्हणाला, "झालं ते झालं. पन बराबर वाळल्याबिगर वायर लावली तर खलास, सर."

गच्चीवर बाजा टाकल्या आणि पाट्या उन्हात पसरल्या. दसऱ्याला सगळा गाव एकमेकांना सोनं देत फिरत होता आणि सर डोक्याला टॉवेल गुंडाळून गच्चीवर कावळे हाकत होते. शनिवारी सगळं कडकडीत वाळलं, तेव्हा दुसरंच लचांड उभं राहिलं. सहा जणांचे अवयव एका ढिगात आणि कोणाचं काय, हे सांगणारं कोणी नाही. त्यात मुनीरच्या जाड बोटांत तो बारीक स्क्रू काही ठरेना. अखेर त्याने नववीतल्या आपल्या मुलीला, रहिमुन्निसाला, बोलावलं. तिने वर्गातल्या मैत्रिणी गोळा केल्या.

रविवारी त्या खोलीत पंधरा मुली मांडी घालून बसल्या. सर आधी "हळू गं, हळू," म्हणत येरझाऱ्या घालत होते. रहिमुन्निसा मात्र शांतपणे एकेक तुकडा लावून बघत होती. "जे बसत न्हाई ते त्याचं न्हाई," ती मुलींना म्हणाली आणि हिरव्या पाट्यांत खोचायच्या आखूड पट्ट्यांचे पिवळे दात खोडरबराने घासून लख्ख करू लागली. दुपारपर्यंत सरांच्या येरझाऱ्या थांबल्या. ते जमिनीवर मुलींच्या शेजारी बसले आणि ही पट्टी कशाची, ती कुठे जाते, हे त्यांनाच विचारू लागले.

दिवस कलताना मुनीरने दुकानात नेलेले डबे आणून जोडले आणि पहिल्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं. पंखा घरघरला. पी झालं, पण एकदाच. आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आपली आपण उमटू लागली, एका ओळीखाली दुसरी, जणू आत बसून कोणी लिहीत होतं. दोन महिने फळ्यावर शिकवलेली ही गोष्ट सर स्वतः आज पहिल्यांदा बघत होते. त्यांना भरून आलं आणि ते त्यांनी लपवलंही नाही. रात्र व्हायच्या आत सहापैकी चार जागे झाले.

सोमवारी साहेब रिकामा टेंपो बरोबर घेऊनच आले. खोलीत एक मुलगी पडद्यावर आपलं नाव लिहीत होती आणि बाकीच्या तिला कोणतं बटण कुठे आहे ते सांगत होत्या. साहेब दारातच थबकले. मग त्यांनी सरांना हळू आवाजात सांगितलं, की आमच्या इंजिनिअर लोकांनी हे सहाही बाद ठरवले होते, मी तर भंगारात घालायलाच न्यायला आलो होतो. यांना चालू कोणी केलं?

सरांना खोटं बोलणं जमत नसे. "धुतले," ते म्हणाले.

साहेब हसले नाहीत. त्यांनी मुलींकडून सगळी हकीकत ऐकून घेतली, एक पट्टी हातात घेऊन उजेडात धरून पाहिली आणि टेंपोवाल्याला रिकामाच परत जायला सांगितलं. जाताना ते कारभारीमामांपाशी थांबले आणि जरा ओशाळून बोलले, "आमच्या गोदामात असे अजून चाळीस पडून आहेत. पाठवले तर बघाल का?"

मामांनी डोळ्यांवर हात धरून आभाळाकडे पाहिलं.

"पाठवा की," ते म्हणाले. "पन ऊन हाय तवर पाठवा."