जनाकाकी आणि परदेशी प्रश्नावली

जनाकाकीला कोणी काहीही विचारलं तरी ती उत्तर देते, पदर खोचते आणि म्हणते, "आता माजी बारी." मग तिच्या एका प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय तुमची सुटका नाही. एकदा घरोघर माहिती घेत फिरणारे गुरुजी तिच्या ओटीवर आले. त्यांनी शेताचं विचारलं, तिनं लग्नाचं विचारलं. त्यांनी गुरांचं विचारलं, तिनं सासूचं विचारलं. गुरुजी उठले तेव्हा त्यांचा कागद अर्धा कोरा होता आणि सासुरवाडीचं भांडण मात्र गावाला पाठ झालं होतं.

मी कर्जतला शाळेत इंग्रजी शिकवते. एका मे महिन्यात परदेशातल्या कॉलेजची सहा मुलं पोशीरच्या बाजूला, जनाकाकीच्या गावात सहा आठवडे राहायला येणार होती. गावात राहून गावाकडून शिकायचं आणि बायकांच्या बचत गटाबरोबर एखादा लहानसा धंदा उभा करायचा, असा त्यांचा अभ्यासक्रम होता. सुट्टीच होती, म्हणून मी दुभाषी व्हायला तयार झाले. त्यातली हॅना नावाची उंच, अबोल मुलगी काकीकडे राहिली. इथन नावाचा मुलगा शेजारी झोपायचा आणि जेवायला काकीकडे यायचा.

काकी एकटीच असते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा साजगावच्या कारखान्यात आहे, रजेला येतो.

हॅनाची तिनं पहिल्या दिवशीच 'आनाबाय' केली. इथनचं नाव मात्र तिला बदलावं लागलं नाही, आणि तिथंच घोटाळा झाला. "इथन, ऊठ" म्हटलं की आपल्याला हाक मारली की इथून हाकललं, हे त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही. तो आपला दोन्ही वेळा उठायचा.

तिसऱ्या दिवशी हॅना प्रश्नावली घेऊन बसली. चाळीस प्रश्न होते.

"घरात माणसं किती?" मी भाषांतर केलं.

"यक. गाय धरली तं दोन. आता माजी बारी. तुज्या घरात किती गं?"

"मी आणि आई. आजी वेगळी राहते, दुसऱ्या गावात."

"यकटी? आन् तिच्या जेवणाचं कोण बघतं?"

हॅनानं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "मला माहीत नाही."

"मंग फोन लाव आन् इचार. उत्तर आण, तवा तुजा दुसरा प्रश्न."

हॅनाला वाटलं, काकी गंमत करतेय. पण काकी गाईला पाणी दाखवायला निघूनही गेली. संध्याकाळी हॅनानं फोन लावला. तिकडे सकाळ होती. पडद्यावर पांढऱ्या केसांची एक म्हातारी दिसली, हातात चहाचा मोठा मग. नातीला बघून ती इतकी हरखली की मगातला चहा गाऊनवर सांडला.

"बघ," काकी म्हणाली, "म्हातारीचा हात थरथरतो. तुला ठावं होतं?"

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी फोन सुरू झाला. आजीचं नाव रूथ. काकी तिला गाय दाखवायची, पापड दाखवायची, चुलीवरची भाकरी फुगली की फोन चुलीजवळ न्यायला लावायची. रूथआजी आपल्या भाषेत बोलायची, काकी आपल्या. मधे मी तोंड उघडलं तर काकी म्हणायची, "तू राहू दे मास्तरणी, समजतंय आमाला." काय समजत होतं देव जाणे, पण दोघी एकदमच हसायच्या.

धंद्याचं म्हणाल तर मुलांनी तांदळाच्या पापडांवर मेहनत घेतली. सुंदर पाकीट केलं, वर भाताच्या लोंबीचं चित्र काढलं. कशेळ्याच्या बाजारात पहिल्यांदा पापड मांडले तेव्हा गल्ल्यावर काकीला बसवलं. एक बाई आल्या आणि चार पाकिटं मागू लागल्या.

"घरात कोण कोण हाय?" काकीनं विचारलं.

"मी आणि हे."

"मंग चार कशाला? पावसात सादळतील. यक न्या, संपलं की परत या. आन् ह्ये नको, ह्यातला पापड जाड झालाय. ह्ये घ्या."

इथननं डोक्याला हात लावला. मुलांबरोबर आलेल्या त्यांच्या प्राध्यापकांनी मात्र वहीत बरंच काही लिहून घेतलं. पुढच्या बाजाराला त्या बाई परत आल्या, आणि येताना दोन शेजारणींना घेऊन आल्या.

पाचवा आठवडा संपताना एका सकाळी हॅनाच्या आईचा फोन आला. रूथआजी झोपेतच गेली होती. तिकीट काढून पोचेपर्यंत सगळं उरकणार होतं. हॅना पडवीत भिंतीला टेकून बसून राहिली. काकीनं खोबरेल तेलाची वाटी आणली, हॅनाच्या मागे बसली आणि तिच्या केसांना तेल लावू लागली. हॅना म्हणाली, "पाच आठवडे मी रोज तिच्याशी बोलले. आधी तर नाताळला एकदा फोन करायचे." मी ते मराठीत सांगितलं. काकी केस विंचरत राहिली.

तिसऱ्या दिवशी तिनं मला सकाळीच बोलावून घेतलं. "आमच्यात दहाव्याला करत्यात. पण तवर पोरगी जाईल. देव काय तारीख बघत नाय." रूथआजीला दुधात कालवलेलं पीठ तव्यावर ओतून केलेलं गोड काहीतरी आवडायचं, हे तिनं हॅनाकडून काढून घेतलं होतं. "म्हंजे घावनच की!" म्हणून तिनं गूळ घालून घावन केले.

मागच्या दारी, आंब्याखाली हॅनानं पान ठेवलं. कावळा वरच्या फांदीवर येऊन बसला, पण खाली उतरेना.

"परदेशाची म्हातारी, वळखत नसंल ह्यो," काकी म्हणाली आणि वर बघून तिनं हात जोडले. "रूथबाय, पोरीचा घोर नको. इथं मी हाय."

हे मी हॅनाला इंग्रजीत सांगितलं.

तेव्हा माझं लक्ष गेलं. दोन हात पलीकडे, दगडाआड आणखी एक पान होतं. त्यावरही घावन होता.

"हे कोणाचं, काकी?"

"माज्या आयचं." ती फांदीकडेच बघत होती. "आय गेली तवा मी बाळंतीण होते गं. दूध आटंल म्हणून मला म्हयनाभर कोणी सांगितलंच नाय. भावांनी सगळं केलं. मंग मी कशाला करायचं, लोक हसतील, म्हणून ऱ्हायलं. यकटीला धीर व्हत नव्हता. ही पोर आली, बरं झालं."

मी हॅनाकडे वळले आणि काकीचं बोलणं तिला सांगितलं. ती वाकली, आपलं पान दोन्ही हातांनी उचललं आणि नेऊन काकीच्या आईच्या पानाला लावून ठेवलं. मग आम्ही तिघी मागे सरकलो आणि कावळ्याला जागा करून दिली.